जमीन साफ झाली, हे कोणी ठरवायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने तपासले. तपासणीचा कागद हातात देण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, ‘यंदा यात काय पेरणार आहेस?’ त्यांचे विद्यार्थी अजूनही ही आठवण सांगतात. माती चांगली की वाईट हे कशासाठी विचारता, त्यावर उत्तर ठरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजचा माझा विषय दूरदेशीचा आहे, पण तो त्यांना परका वाटला नसता. माणसांनी विषारी करून ठेवलेली बेटं, ती साफ करण्याचे प्रयत्न आणि त्या जमिनीवर पुन्हा उभं राहू पाहणारी तिथली माणसं, यांबद्दल मी बोलणार आहे.

आपल्याकडे घाण ‘बाहेर’ टाकायची सवय जुनी आहे. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जात आला आणि पुण्याचा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथे राहणाऱ्यांच्या विहिरी कशा नासल्या, हे त्या गावांनी रस्त्यावर बसून सांगितलं तेव्हा कुठे आपल्या कानावर आलं. तरी शहराला निदान हद्द असते आणि हद्दीपलीकडे जमीन असते. चौदा-पंधरा चौरस किलोमीटरच्या बेटाला ती सोय नाही. विहीर, भात, मासळी, मसणवटा आणि उकिरडा हे सगळं एकाच कडेच्या आत असतं. तिथे एका कोपऱ्यात विष ओतलं की ते पाण्यातून किंवा माशातून घरी येतं. शिवाय अशा बेटाची मतं मोजकी असतात, प्रयोगशाळा समुद्रापलीकडे असते आणि यंत्राचा प्रत्येक भाग बोटीनं आणावा लागतो. साफसफाई महाग पडते, म्हणून ती टाळायला निमित्तही तयार असतं.

अशा बेटांच्या बाबतीत मला एकच गोष्ट सांगायची आहे. जमीन साफ झाली की नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेतला आकडा एकटा देऊ शकत नाही. त्या जमिनीतून कोण काय खाणार, तिथे कोण झोपणार आणि उद्या काही निघालं तर कोणाला जाब विचारायचा, हे ज्यांना तिथे जगायचं आहे त्यांच्याबरोबर बसून आधी ठरावं लागतं. ते ठरलं नाही, तर अब्जावधी खर्चूनही जमीन परत मिळत नाही.

आधी प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांकडे जाऊ. १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत अमेरिकेनं तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांतल्या २३ बिकिनीला आणि ४३ एनेवेटाकला झाल्या. बिकिनीची १६७ माणसं मार्च १९४६ मध्ये बोटीत बसवून रोंगेरिक नावाच्या बेटावर नेली गेली. तिथे पोट भरण्याइतकं अन्नच नव्हतं आणि दोन वर्षांत त्यांची उपासमार झाली. एनेवेटाकच्या लोकांना १९४७च्या अखेरीस उजेलांगला हलवलं. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर १५ मेगाटनांचा ‘ब्राव्हो’ स्फोट झाला. हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा तो सुमारे हजार पट मोठा होता.

१९६८ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनीकरांना घरी परतता येईल असं जाहीर केलं. मोडतोड उचलली गेली, नारळाची रोपं ओळीत लावली गेली, सिमेंटची घरं बांधली गेली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबं परतली. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उचलून न्यावं लागलं, कारण त्यांच्या शरीरात सीझियम-१३७ वाढत चाललं होतं. ते हवेतून आलं नव्हतं, अन्नातून आलं होतं. तिथली माणसं जेवणात किती नारळ आणि किती स्थानिक पीक घेतात, याचा सरकारी अंदाज चुकला होता. बेट राहण्यालायक आहे हा निष्कर्ष ज्या गृहीतावर उभा होता, ते गृहीत कुठल्या तरी दूरच्या कचेरीत धरलं गेलं होतं.

यातलं विज्ञान थोडं जवळून पाहू, कारण कोकणातल्या बागायतदाराला ते चटकन कळेल. प्रवाळबेटाची माती म्हणजे मुळात चुन्याची वाळू. तिच्यात कॅल्शियम उदंड असतं, पण पोटॅश जवळजवळ नसतं. झाडाला पोटॅश तर हवंच असतं. सीझियम हे रसायनशास्त्राच्या तक्त्यात त्याच घराण्यातलं मूलद्रव्य आहे. पोटॅशची भूक लागलेलं माडाचं मूळ समोर येईल ते सीझियम ओढून घेतं आणि ते खोबऱ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात जमा होतं. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बिकिनीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. माडांना भरपूर पोटॅश खत घातलं, तेव्हा खोबऱ्यातलं सीझियम दहाव्या हिश्श्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही खाली आलं. झाडाचं पोट भरलं, की ते सीझियमकडे वळत नाही. आपल्याकडे आळ्यात म्युरेट ऑफ पोटॅश घालतात, तसाच हा इलाज आहे.

दुसरा मार्ग वरची सुमारे ४० सेंटिमीटर माती खरवडून काढण्याचा होता. बिकिनीकरांचा कल याच मार्गाकडे होता आणि तो मला पूर्ण समजतो. ‘आता ठीक आहे’ हे शब्द ऐकून एकदा परतलेल्या आणि पुन्हा बेघर झालेल्या माणसाला विष उचलून नेलेलं डोळ्यांनी पाहायचं असतं. खत घालून ते झाडात शिरणार नाही, या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. पण प्रवाळबेटावर ती वरची काळी माती शतकानुशतकं पाला कुजून तयार झालेली असते. ती काढली की खाली पांढरी वाळू उरते आणि तिच्यात वर्षानुवर्षं धड काही उगवत नाही. काढलेली माती ठेवायची कुठे, हा प्रश्नही उरतोच. शेवटी शास्त्रज्ञांनी मधला मार्ग सुचवला: गावठाण आणि घरांभोवतीची माती काढायची आणि बागांना पोटॅश घालायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९८च्या अहवालानंही पोटॅशच्याच दिशेनं कौल दिला. बिकिनीचा समाज मात्र अजून परतलेला नाही. इलाज सापडला होता. पण तो सांगणाऱ्यांवरचा विश्वास वीस वर्षांपूर्वीच संपला होता आणि त्याला पोटॅश पुरत नाही.

एनेवेटाकला खरवडण्याचाच मार्ग धरला गेला. १९७७ ते १९८० या काळात हजारो अमेरिकन सैनिकांनी उत्तरेकडच्या बेटांवरची माती आणि राडारोडा गोळा केला, सिमेंटमध्ये कालवला आणि रुनिट बेटावर १९५८च्या ‘कॅक्टस’ स्फोटानं पडलेल्या खड्ड्यात ओतला. वरून सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचं काँक्रीटचं झाकण घातलं. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही आणि भरती-ओहोटीचं पाणी खालून ये-जा करतं. हे काम करताना अनेक सैनिकांकडे पुरेशी संरक्षक साधनं नव्हती. त्यांच्या आजारांची कायद्यानं दखल घेतली जायला २०२२ साल उजाडलं.

या सफाईत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. तिचं लक्ष मुख्यतः प्लुटोनियमवर होतं, म्हणजे जो धोका सैन्याला आणि शास्त्रज्ञांना सगळ्यात भयंकर वाटत होता त्याच्यावर. एन्जेबी हे उत्तरेचं बेट प्लुटोनियमच्या दृष्टीनं साफ केलं गेलं. पण तिथल्या मातीत सीझियम आणि स्ट्रॉन्शियम राहिलं आणि ते झाडांवाटे अन्नात येत होतं. १९८० मध्ये दक्षिणेकडच्या बेटांवर लोक परतले. ज्यांची वडिलोपार्जित जमीन एन्जेबीवर होती, त्यांना मात्र साफ केलेल्या आपल्या बेटावर राहता आलं नाही. त्यांच्या ताटात काय वाढलं जातं, तिथून कामाची आखणी सुरू झाली असती, तर कदाचित वेगळी माती उचलली गेली असती.

मार्शल बेटांच्या या देशाचा भारताशी एक संबंध आहे आणि तो इथे सांगितलाच पाहिजे. २०१४ साली मार्शल बेटांनी नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे दाखल केले. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचं कर्तव्य तुम्ही पाळलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भारताविरुद्धचा दावाही त्यात होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयानं अधिकारक्षेत्र नसल्याचं सांगून तो ऐकायला नकार दिला. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी कायद्याचा विजय म्हणून आली. दावा कोणी केला होता आणि त्यांच्या बेटांवर काय होऊन गेलं होतं, हे फारसं छापून आलं नाही.

हवाईमधल्या काहोओलावे बेटाचा विषय मी फक्त एका मुद्द्यासाठी काढतो. १९४१ पासून जवळजवळ अर्धशतक त्याच्यावर बॉम्बफेकीचा सराव झाला. १९७६ पासून हवाईच्या मूळ रहिवाशांनी बंदी मोडून त्या बेटावर पाय ठेवायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेनं सफाईसाठी ४० कोटी डॉलर ठरवले. दहा वर्षांनी काम थांबलं तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभाग मोकळा झाला होता. चार फूट खोलीपर्यंत साफ झालेली जमीन मात्र जेमतेम एक दशांश होती. पैसा पुरला नाही. तरी एक गोष्ट नीट झाली. कुठे देवस्थान आहे, कुठे झाडं लावायची, कोणती पायवाट लागणार, याचा वापर-आराखडा आधी तयार झाला आणि कोणती जमीन कितपत साफ करायची, ते त्यावरून ठरलं.

आता जपानकडे येतो. सेतो अंतर्गत समुद्रातलं तेशिमा हे बेट कागावा प्रांतात येतं. पाण्याच्या बाबतीत ते नशीबवान. डोंगरातून झरा वाहतो, म्हणून या एवढ्याशा बेटावर भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं होती. १९७५ साली बेटाच्या पश्चिम टोकाला जमीन असलेल्या एका व्यावसायिकानं औद्योगिक कचरा आणण्याची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. मग त्यानं अर्ज बदलला: निरुपद्रवी गाळावर गांडुळं पाळणार. १९७८ मध्ये प्रांत सरकारनं तेवढ्यापुरती परवानगी दिली.

गांडुळांच्या नावाखाली तिथे आलं ते मोटारींचं भंगार. गाडी चिरडून लोखंड काढून घेतलं की रबर, फोम, प्लास्टिक, तारा आणि रंगाचे कपचे यांचा चुरा उरतो. तो चुरा, जोडीला टाकाऊ तेल आणि गाळ बोटीनं येई. त्यावर तेल ओतून उघड्यावर जाळलं जाई. काळा धूर गावावर येई आणि मुलं खोकत. गावकरी तक्रार घेऊन गेले, की प्रांताचे अधिकारी सांगत, हा कचराच नव्हे, तो खरेदी केलेला माल आहे. मालकानं युक्ती केली होती. कागदावर तो चुरा नाममात्र किमतीला विकत घ्यायचा आणि वाहतुकीच्या नावाखाली देणाऱ्याकडून त्याच्या कितीतरी पट रक्कम उकळायची. हे सरकारी कचेरीला दिसत नव्हतं, असं मला म्हणवत नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये छापा पडला, तोही शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी घातला. त्यानंतर टाकणं थांबलं, पण टाकलेलं तिथेच राहिलं. त्यात शिसं, पीसीबी आणि डायॉक्सिन होती. पावसाचं पाणी त्यातून झिरपून समुद्राकडे निघालं होतं. तेशिमाचं नाव सांगितलं की मासळी आणि फळं घ्यायला लोक कचरू लागले.

नोव्हेंबर १९९३ मध्ये गावकऱ्यांनी राष्ट्रीय प्रदूषण-तंटा आयोगाकडे मध्यस्थीचा अर्ज केला. पुढे अर्जदार साडेपाचशेच्या घरात गेले आणि त्यांतले बहुतेक वयस्कर होते. कोहेई नाकाबो या नामवंत वकिलांनी त्यांची बाजू घेतली. म्हातारी माणसं बोटीनं ताकामात्सूला जाऊन प्रांत कचेरीसमोर महिनोन् महिने उभी राहिली. नंतर त्यांनी प्रांतभर गावोगाव बैठका घेतल्या. बेटाच्या प्रश्नासाठी बाकीच्यांच्या करातून पैसा जाणार होता, म्हणून तो प्रश्न त्यांना आपला वाटायला हवा होता. १९९९ मध्ये त्यांनी आपल्यातलाच एक माणूस प्रांताच्या विधानसभेत निवडून आणला.

या लढ्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. जागेवरच झाकून टाकण्याचे स्वस्त पर्याय समोर होते. रुनिटसारखंच, वरून झाकण घालायचं आणि मोकळं व्हायचं. गावकऱ्यांनी ते नाकारले. नुकसानभरपाई मागायचा त्यांना हक्क होता आणि तोही त्यांनी सोडला. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: हे सगळं बेटाबाहेर न्या आणि चूक कबूल करा. ६ जून २००० रोजी अंतिम करार झाला. राज्यपाल मानाबे बेटावर आले आणि त्यांनी लोकांसमोर माफी मागितली. मध्यस्थीच्या सात वर्षांच्या लढ्यात अर्ज करणाऱ्यांपैकी कितीतरी जण गेले होते आणि त्यांच्या वतीनं ती माफी घरच्यांनी ऐकली.

बेटाबाहेर न्यायचं, पण कुठे? उत्तर दिलं ते जवळच्याच नाओशिमा या दुसऱ्या बेटानं. तिथे १९१७ पासून तांबं गाळण्याचा कारखाना होता आणि त्याच्या धुरानं तिथले डोंगर उघडेबोडके झाले होते. कारखान्याशेजारी खास भट्टी उभारली गेली. सप्टेंबर २००३ मध्ये काम सुरू झालं. कचरा आणि विषारी माती एकत्र कालवून साधारण १३०० अंशांवर वितळवायची. थंड झाल्यावर काचेसारखा खडा उरतो आणि तो काँक्रीटमध्ये खडीसारखा वापरतात. धुरातली राख पकडून शेजारच्या कारखान्यात पाठवायची आणि तिच्यातला धातू काढून घ्यायचा. एका बेटानं दुसऱ्याची घाण घेतली, तर तो अन्याय दुसरीकडे सरकवणंच ठरतं. इथे तसं झालं नाही, कारण नाओशिमाला आधी विचारलं होतं, अटी उघड मांडल्या होत्या आणि तिथल्या लोकांनी हो म्हटल्यावरच भट्टी उभी राहिली.

आधी लाखो टनांचा अंदाज होता, तो खणत गेल्यावर वाढतच गेला. शेवटी सुमारे ९ लाख १० हजार टन कचरा आणि माती निघाली. मार्च २०१७ मध्ये शेवटची खेप गेली आणि जूनमध्ये ती वितळवून झाली. या सगळ्या वर्षांत प्रांत आणि गावकरी यांची संयुक्त समिती नियमित बसत होती. पाण्याचे नमुने, भट्टीचे बिघाड, अपघात, सगळं गावकऱ्यांसमोर ठेवलं जात होतं. बेटावरच्या छोट्या संग्रहालयात गावकऱ्यांनी कचऱ्याच्या ढिगाचा उभा छेद जसाच्या तसा उचलून भिंतीवर लावून ठेवला आहे. थरांत दबलेल्या तारा, फोमचे तुकडे, काळपट माती. चकाचक झालेल्या बेटावर ती एकच भिंत घाणेरडी ठेवलेली आहे आणि मला ते अत्यंत योग्य वाटतं.

आज तेशिमाचं नाव जगाला ठाऊक आहे ते कलासंग्रहालयामुळे. २०१० मध्ये वास्तुरचनाकार र्यूए निशिझावा आणि कलाकार रेई नाइतो यांची ती पांढरी, थेंबासारखी वास्तू कारातोच्या उतारावर उभी राहिली. तिच्याभोवतीची पडीक भातशेती गावकऱ्यांनी पुन्हा लावती केली. पर्यटक येतात, छायाचित्रं काढतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की कलेनं बेट वाचवलं. हे म्हणणं गावकऱ्यांवर अन्याय करणारं आहे. कलाकार येण्याआधी दहा वर्षं करार झाला होता आणि त्याही आधी पंचवीस वर्षं माणसं भांडत होती. त्यांच्या लढ्याशिवाय त्या भाताला गिऱ्हाईक मिळालं नसतं. २००० सालीच नाकाबो आणि वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी सुरू केलेल्या ऑलिव्ह निधीचा उल्लेख इथे करायला हवा. त्यातून सेतो समुद्राच्या बेटांवर झाडं लावली जात आहेत. तरीही तरुण परतले असं म्हणता येत नाही. लोकसंख्या हजाराखाली गेली आहे आणि शेतं लावणारे हात म्हातारे आहेत.

कामही २०१७ मध्ये संपलं नाही. २०१८ च्या जानेवारीत, सगळं उचलून झालं असं समजत असताना, त्याच जागेत पुरलेला कचरा पुन्हा सापडला. दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर कदाचित तो गुपचूप बुजवला गेला असता. इथे करार होता, समिती होती, प्रश्न विचारणारे गावकरी होते, म्हणून तो उकरून बाहेर नेऊन निस्तरावा लागला. जमिनीखालच्या पाण्याची सफाई त्यानंतरही चालूच राहिली: विहिरी खणायच्या, पाणी उपसायचं, गाळायचं, पुन्हा तपासायचं. दर बैठकीत गावकऱ्यांच्या हातात आकड्यांचा कागद येत राहिला आणि अमुक विहिरीतला आकडा का उतरत नाही, हे अभियंत्यांना त्यांच्यासमोर बसून सांगावं लागलं.